चिठ्ठीवरचा दर

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या चालत आलेली हळदीची एक पेढी आहे. गोदाम पेढीपासून दूर असल्याने तेथील व्यवहार पूर्वापार चिठ्ठीवर चालतो. गिऱ्हाईक पेढीवर येऊन मालाची जात व वजन सांगते, दिवाणजी चिठ्ठी लिहून देतात आणि ती घेऊन गिऱ्हाइकाचाच माणूस गोदामात जातो. या चिठ्ठीवर दर कधीही लिहिला जात नाही. घरातील मुलांना हे लहानपणापासून ठाऊक असते. परंतु तसे का, हे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

या घरातील धाकटी कन्या पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकून परतली व तिने बांधील गिऱ्हाइकांसाठी घरबसल्या मागणी नोंदविण्याची सोय केली. गिऱ्हाइकाला दिसणारे पान थायमलीफच्या साच्यातून निघे आणि मागचा हिशेब स्प्रिंगच्या आधाराने लिहिलेला जावाचा प्रोग्राम करी. पान गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उघडलेले, प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर. दोघांची प्रत्यक्ष गाठ अशी पडतच नाही. गिऱ्हाइकाने बटण दाबले की पानावरील प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यातील मजकूर अशा जोड्या तेवढ्या मागे जातात. त्यांनाच पॅरामीटर म्हणतात. दोनशे किलो हा आकडाही तेथे पोहोचतो तो अक्षरांच्याच रूपात. त्याची संख्या करण्याचे काम जावाचे.

आरंभी अडचणी आल्या, त्या किरकोळ होत्या. एका रकान्याला तिने ओळखक्रमांक दिला, पण नाव द्यायचे राहिले, म्हणून त्यातील मजकूर मागे गेलाच नाही. कोणी ‘१,०००’ असे स्वल्पविराम देऊन वजन लिहिले, तर जावाने ती मागणी परत धाडली. गंमत अशी की देवनागरीत लिहिलेले ‘१०००’ मात्र तिने बिनतक्रार वाचले. या गोष्टी दोन दिवसांत मार्गी लागल्या.

दराचे तसे झाले नाही. दिवसाचा दर पानावर दिसतच होता. तोच एका अदृश्य रकान्यात ठेवावा, मागणीसोबत तो आपोआप मागे येईल, म्हणजे प्रोग्रामला पुन्हा दरवही उघडावी लागणार नाही, असा तिने विचार केला. काम सोपे झाले आणि चार महिने बिनबोभाट चालले.

एके दिवशी दुपारी दर किलोमागे १४८ वरून १५६ रुपयांवर गेला. मिरजेच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने सकाळी उघडून ठेवलेल्या पानावरून संध्याकाळी २०० किलोंची मागणी पाठविली. बिल निघाले २९,६०० रुपयांचे. निघायला हवे होते ३१,२०० रुपयांचे. दिवाणजींच्या नजरेतून ते सुटले नाही. गिऱ्हाइकाला फोन करून बिल दुरुस्त करावे, असे मुलीचे म्हणणे पडले. वडिलांनी नकार दिला.

“सकाळचा दर आपणच त्यांच्या हाती दिला. आता तोच धरायचा.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण मला सांग, हा दर तुझ्या प्रोग्रामला कोण सांगतं?”

“पान सांगतं, अण्णा.”

“आणि पान कुणाच्या हातात असतं?”

मुलीने उत्तर दिले नाही. त्या रात्री तिने गिऱ्हाईक म्हणून पान उघडले, ब्राउझरमधील विकासकांसाठीची खिडकी काढली आणि अदृश्य रकान्यातील १५६ खोडून तेथे १ लिहिला. हा रकाना केवळ डोळ्यांना अदृश्य असतो. पान ज्याच्या हाती आहे, त्याला तो वाचता येतो आणि बदलताही येतो. २०० किलो हळदीचे बिल २०० रुपये निघाले. प्रोग्राम क्षणभरही अडखळला नाही.

आणखी शोधता दुसरी उणीव सापडली. मागणीची सर्व माहिती ती एकाच वस्तूत भरीत असे आणि त्या वस्तूत ‘सवलत’ हाही एक भाग होता. पानावर तसा रकाना नव्हता. तरीही कोणी त्या नावाची जोडी रचून पाठविली असती, तर स्प्रिंगने ती नाव जुळते म्हणून बिनदिक्कत भरून घेतली असती. वजनापुढे उणे चिन्ह लिहिले तर पेढीच गिऱ्हाइकाचे देणे लागत होती!

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. मागणीसाठी वेगळी, आखीव वस्तू झाली: मालाचा क्रमांक, वजन आणि पानावर दिसलेला दर, एवढेच त्यात भरता येई. वजनाला मर्यादा आली. गुणाकार आता पेढीच्या दरवहीतील दरानेच होई. पानाने आणलेला दर केवळ ताडून पाहण्यासाठी. दोन्ही जुळले नाहीत, तर नवा दर दाखवून गिऱ्हाइकाची संमती पुन्हा घ्यायची.

खरे ओझे मागच्या चार महिन्यांचे होते. कोणी हात साफ केला असेल का, या शंकेने मुलीची झोप उडाली होती. तीन दिवस ती आणि दिवाणजी प्रत्येक बिल दरवहीशी लावीत बसले. दर जुळले नाहीत अशी अकरा बिले निघाली. सर्व शिळ्या पानांची. कोणीही आकडा बदललेला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो कागद तिने वडिलांपुढे ठेवला.

त्यांनी मात्र तो वेगळ्याच नजरेने वाचला. अकरांपैकी चार बिलांत पेढीचे नुकसान झाले होते. उरलेल्या सातांत दर दुपारी उतरला होता आणि गिऱ्हाइकांनी सकाळचा चढा दर भरला होता.

“त्यांनी स्वतःच मान्य करून भरलाय, अण्णा,” मुलगी म्हणाली.

“पान ताजं असतं तर भरला असता का?”

चार बिले पेढीने आपल्या नावे टाकली. सात जणांचे जादा पैसे दुसऱ्या दिवशी परत गेले. सर्वांत लहान रक्कम २४० रुपयांची होती. ती ज्यांना मिळाली, त्या तासगावच्या दुकानदाराला काही उमगेना. त्याने फोन करून विचारले, हे पैसे कसले?

दिवाणजी म्हणाले, “काही नाही शेठ, चुकून चिठ्ठीवर दर लिहिला गेला होता.”