खर्डीचे कौलारू घर

कल्याणहून कसारा लोकल धरली की आसनगाव, आटगाव, थानशेत आणि मग खर्डी. पावसाळ्यात आसनगावपासूनच माहुलीचे सुळके ढगांत बुडालेले असतात. आम्ही मियाँ-बीवी दोघेही शिक्षक, त्यामुळे रविवारशिवाय सवड नाही. खालांचे कौलारू घर पावसाळा संपला की पाडायचे ठरले होते, आणि कुवेतमधल्या त्यांच्या मुलाने एकच मागणी केली होती: घराचे नीट फोटो हवेत.

मोबाईलने आधी काढून पाहिले होते. पण अंधाऱ्या ओटीवरची मातीची भिंत त्यात गुळगुळीत, रंगवल्यासारखी आली. म्हणून कॅनन १५००डी घेतला, जुनाच, १८ हजारांना. २४.१ मेगापिक्सेल, १८-५५ची लेन्स. बॅटरी आणि कार्डासह बॉडीचे वजन ४७५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलो तांदळाइतकेही नाही. या जातीचा पहिला स्वस्त कॅमेरा कॅननने २००३ मध्ये आणला तेव्हा तो ६.३ मेगापिक्सेलचा होता, आणि 'स्वस्त' म्हणजे हजार डॉलरच्या आत!

बाहेर पाऊस, आत वीज गेलेली. फ्लॅश उघडला तर भिंत पांढरीफटक आणि मागे काळी सावली. तो बंद केला. आयएसओ १६०० केला, कॅमेरा गव्हाच्या कोठीवर टेकवला, श्वास रोखून बटण दाबले. चुलीवरच्या धुराने काळे पडलेले वासे, कौलांच्या फटीतून आलेला उजेड, कोनाड्यातला कंदील, सारे जसेच्या तसे आले. ६४०० पर्यंत नेले तेव्हा मात्र फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसले. कोंबड्यांच्या मागे लागलो तिथेही तो हरला. सेकंदाला तीनच फोटो, तोवर कोंबडी कुंपणापार. पावसात तर बाहेर काढायची सोयच नाही, छत्री धरायला दुसरा माणूस लागतो. घरासाठी घेतलेला कॅमेरा घरातच बरा.

खालांनी सुरुवातीलाच बजावले होते, "घराचे काढा बेटा, माझी तसबीर नको." त्यांचे मत त्यांच्यापाशी. आम्ही वाद घातला नाही. फोटो काढताना त्या दाराआड उभ्या राहत, आणि आम्हीही डोळा लावून आधी खात्री करत होतो.

घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर फोटो पाहिले, तेव्हा दाराच्या चौकटीच्या फोटोत उजव्या कडेला एक हात दिसला. सुरकुतलेला, तसबीहचे मणी बोटांत अडकलेला. काढताना तो आम्हाला दिसलाच नव्हता. नंतर उमगले: या कॅमेऱ्यात डोळा लावायच्या खिडकीतून चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसतो, कडेचे थोडे आपल्या नजरेआड राहून फोटोत मात्र येते.

न विचारता पाठवणे बरोबर नव्हते. पुढच्या रविवारी पुन्हा खर्डी. खालांनी चष्मा लावून त्या हाताकडे बराच वेळ पाहिले.

"पुसून टाकू का खाला? कडेचाच आहे, कापता येईल."

"चेहरा नाही ना त्यात?"

"नाही."

"मग राहू दे. त्याला ओळखता येईल."