पहिलं औषध उतरेना

वाशीत भूल देता देता पंचवीस वर्षं झाली. अपरात्री भरल्या पोटाचा पेशंट आला की माझा हात अजून आधी फ्रिजमधल्या स्कोलीनच्या बाटलीकडेच जातो. औषध शिरेत गेलं की गाल, खांदे, पोटऱ्या क्षणभर फडफडतात आणि सगळं अंग सैल पडतं. मिनिटभरात श्वासनलिकेत नळी घालायची. अंमल पाच-दहा मिनिटांचा.

ही मुदत ठरवतं ते पेशंटचं रक्त. स्कोलीन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचे एकमेकांना जोडलेले दोन रेणू. यकृतात तयार होणारं स्यूडोकोलिनएस्टरेज हे विकर पाण्याच्या मदतीने त्यांतले एस्टर बंध तोडतं. बरंचसं औषध तर स्नायूंपर्यंत पोचण्याआधीच संपतं. ती नासाडी धरूनच आम्ही डोस ठरवतो.

एका रात्री अडकलेल्या हर्नियाचं ऑपरेशन होतं. तासाभराने सर्जन खुशीत म्हणाले, "काय मस्त सैल ठेवलंय पोट!" माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या औषधाचा अंमल उतरल्याची खूण दिसल्याशिवाय दुसरं, जास्त वेळ अंग सैल ठेवणारं औषध द्यायचं नाही, हा आमचा शिरस्ता. दुसरं मी दिलंच नव्हतं.

अशा वेळी करण्यासारखं फार थोडं असतं. श्वास देत राहायचा आणि झोपेचं औषध चालू ठेवायचं. झोपेचं औषध द्यायला कुणी विसरलं तर आतला माणूस जागा होतो, सगळं ऐकतो आणि पापणीही हलवू शकत नाही. चार तासांनी पोट उचकी लागल्यासारखं हललं. तेव्हा कुठे मी चहा घेतला.

बाहेर त्याचा भाऊ म्हणाला, "आमच्या आत्याचंही नांदेडला असंच झालं होतं." हे मी आधी विचारलंच नव्हतं. कुटुंब आर्य वैश्य, म्हणजे आपल्याकडे ज्यांना कोमटी म्हणतात ते. त्यांच्यात हा दोष इतरांहून कितीतरी जास्त आढळतो: विकराच्या साखळीत 307व्या जागी ल्यूसीनऐवजी प्रोलीन येतं आणि विकर जवळपास निकामी होतं. पेशंटला जात विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून मी आता घरातल्या भुलीबद्दल विचारतो. त्यात सगळं येतं.

हल्ली रोक्युरोनियम आहे, त्याचा उतारा सुगामाडेक्सही आहे. नवी मुलं स्कोलीनला नाकं मुरडतात. मुरडोत. प्रश्न मात्र विचारावा.

आणि तुमच्या घरात भुलीनंतर कुणाचा श्वास परतायला तास लागले असतील, तर चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. सख्ख्या भावंडांनाही सांगा.