तेंदूच्या हंगामात

29 एप्रिल, चंद्रपूर
म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला मी ज्या पोरी घरोघरी पाठवते, त्यांतल्या सावली तालुक्याकडच्या एकीचा सकाळीच फोन. "ताई, फळी लागली. मी गावाले जातो." आता मे संपेपर्यंत असे फोन येत राहणार. फळी म्हणजे तेंदूपत्ता खरेदीचं केंद्र. ते लागलं की अख्खं घर पहाटे जंगलात जातं आणि दुपारभर सावलीत बसून 70-70 पानांची पुडकी बांधतं. पंधरा-वीस दिवसांत नगद हाती येते. गडचिरोलीत तर कितीतरी ग्रामसभा लिलाव स्वतःच करतात, मजुरीवर बोनसही वाटतात. मी बोनस देत नाही. कोणत्या तोंडाने तिला थांबवू?

आणि हेच दिवस म्हाताऱ्यांना जड. पारा 45च्या वर, कूलरची टाकी दुपारीच कोरडी, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला तहान लागलेली कळतही नाही.

2 मे
बदली बाई मिळाली नाही, म्हणून तुकुमच्या काकांकडे मीच दिवसपाळीला गेले. काका वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स) निवृत्त, उजवी बाजू लुळी, मुलगा पुण्यात. कोळसा खाणी, वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या पगारावर इथली पोरं शिकली आणि बाहेर गेली. मागे राहिलेल्या आईबापांवर माझा धंदा चालतो. पेन्शन आहे म्हणून मी आहे, हे मी लपवत नाही.

नवीन पोरगी सोबत होती. तिला दाखवलं: दंडाला धरून ओढायचं नाही, पाठीखाली घातलेल्या दुहेरी चादरीने वळवायचं. दर दोन तासांनी. कुशीवर आले की माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोट दाबून सोडायचं. क्षणभर फिका पडला तर निभावलं, लालच राहिला तर जखम सुरू झाली समजायचं. भरवताना पाठ ताठ, हनुवटी खाली, घास चांगल्या बाजूच्या गालात. घासापेक्षा साध्या पाण्यानेच जास्त ठसका लागतो, हे तिला पटेना. वरण घट्ट केलं तेव्हा काका वाटीभर जेवले.

शेजारच्या काकू डोकावल्या. "भांडी पण घासते का हे?" नाही म्हटलं, जरा जोरातच.

6 मे, चामोर्शी (जि. गडचिरोली)
पोरी शोधायला आले. फळीवर सगळ्या, भेटणार कोण! एका घरी आजी वाऱ्याने, म्हणजे पक्षाघाताने, पडलेली, टाचेला जखम. सून पहाटेच जंगलात गेलेली. उशाशी पाण्याचा तांब्या, तोही डाव्या, लुळ्या हाताकडे. तो उजवीकडे ठेवला, सून येईपर्यंत बसले आणि तिला चादरीची युक्ती दाखवली.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात इथल्या 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. पक्षाघात सगळ्यांत वरचं कारण निघालं, साधारण सातांतला एक मृत्यू, आणि बहुतेक जण घरीच गेलेले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 म्हणजे माझ्या बाईच्या दोन-तीन दिवसपाळ्या. इथे मला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि गरज तर इथेच जास्त. याच जिल्ह्यात बंग दांपत्याने गावच्या बायांना नवजात बाळ घरीच सांभाळायला शिकवलं. 1999मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं, पुढे देशाने उचललं. म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला मात्र अजून बिनपगारी सूनच.

9 मे, चंद्रपूर
नवीन पोरगी मोबाइलवर जर्मनीचं दाखवत होती. राज्य सरकारने 2024मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात रुग्णसेवाही आहे. भाषा शिकावी लागेल म्हटलं. "शिकतो ना ताई, मले गोंडी, तेलुगू, मराठी येतेच." पोरगी जाईल, असं वाटतं. बाकीच्या पोरी माझ्याकडे टिकाव्यात असं मी तरी काय देते? ना पीएफ, ना रजा.

11 मे
नवे दर लिहून काढले. मेमध्ये पंधरा दिवस पगारी रजा, त्या काळात बल्लारपूरची बदली बाई, भांडी-झाडू नाही. पीएफचं अजून जमत नाही. तुकुमच्या काकांच्या मुलाला फोनवर वाचून दाखवलं. "बारा महिन्यांचे पैसे देऊन रजा कशाला?" म्हणाला. त्याच्या कंपनीत रजा मिळते का, विचारलं. रविवारी कळवतो म्हणाला.