एका घरचा एकच अर्ज

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास वांटणीचा प्रश्न नवा नसतो. आंबे थोडे व मुलें पुष्कळ, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं घडलेला असेल. आंबा चिरतां येतो. परंतु कांहीं वस्तु चिरतां येत नाहींत, त्या कोणा एकासच द्याव्या लागतात. असा एक प्रसंग २०२२ सालीं आम्हीं अमेरिकेंत, पुतण्याच्या घरीं राहत असतां, पाहिला. प्रसंग विद्यापीठाचा होता. पण त्यानें आमच्या घरचें एक जुनें प्रकरण उघडलें, म्हणून लिहीत आहों.

आमचा पुतण्या तेथील एका विद्यापीठांत द्रव्यविज्ञानाचा अध्यापक आहे. वैशेषिकांनीं सात पदार्थांत द्रव्यास पहिलें स्थान दिलें, आणि व्यवहारांत आपण पैशासही द्रव्यच म्हणतों. या शास्त्रांत हे दोन्ही अर्थ एकमेकांवांचून राहूं शकत नाहींत, हें आम्हांस तेथें कळलें. नवें पोलाद, नवें प्लॅस्टिक किंवा संगणकांतील सूक्ष्म थर निर्माण करावयाचे तर पदार्थविज्ञानवेत्ते, रसायनज्ञ व इंजिनियर एका छपराखालीं यावे लागतात, आणि लागणारीं उपकरणें एकट्यादुकट्या अध्यापकाच्या आवांक्यांतलीं नसतात. १९५७ सालीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडल्यावर अमेरिकेस ही निकड विशेष भासली. १९६० सालीं तेथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनें कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया व नॉर्थवेस्टर्न या तीन विद्यापीठांत प्रथम अशा संयुक्त प्रयोगशाळा काढल्या. १९७२ सालीं त्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आल्या, आणि १९९४ पासून या योजनेस द्रव्यसंशोधन केंद्रांचें हल्लींचें रूप आलें. अलीकडे दर तीन वर्षांनीं या केंद्रांसाठीं देशभर चुरस होते. २०२३ सालीं नऊ केंद्रांस मिळून १६ कोटी २० लक्ष डॉलर मंजूर झाले. म्हणजे प्रत्येकास सहा वर्षांत १ कोटी ८० लक्ष.

परंतु नियम असा कीं, एका विद्यापीठानें आपल्या नांवें एकच अर्ज करावयाचा. अर्जांचा पूर आंवरण्यास हा नियम सोयीचा खरा; पण निवडीचा भार त्यामुळें सरकारच्या शिरावरून उतरून घरच्या वडीलधाऱ्यांच्या शिरावर येतो. बाहेरच्या स्पर्धेआधीं घरांतच स्पर्धा लागते. पुतण्याच्या विद्यापीठांत दोन मंडळें उभीं राहिलीं. एकाचा प्रमुख आमचा पुतण्या. चीर पडली असतां आपण होऊन सांधणारें प्लॅस्टिक हा त्याचा विषय. दुसऱ्याचा प्रमुख त्याचा जिवलग स्नेही. एकाच अणूच्या जाडीचे थर हा त्याचा विषय. या स्नेह्याच्याच घरीं आमची नात शाळा सुटल्यावर रोज खेळावयास जाई. प्रत्येकानें थोड्या पानांचें टिपण द्यावयाचें, अन्य विभागांतील ज्येष्ठ अध्यापकांच्या समितीनें तें वाचून प्रश्न विचारावयाचे, आणि एकास पुढें पाठवावयाचें. आठ महिन्यांचा विचार आठ पानांत! शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाक न्याय सातासमुद्रांपलीकडेही चालतो. त्या पंधरा दिवसांत दोन्ही घरांचें येणेंजाणें कमी झालें. त्याविषयीं मोठ्यांपैकीं कोणी बोललें नाहीं. नातीनें मात्र दोनदां विचारलें.

निकालाचें पत्र आलें त्या सायंकाळीं पुतण्या स्वयंपाकघरांतल्या मेजापाशीं बसून म्हणाला, "काका, आमचें नाहीं झालें." सूनबाईंनीं चहा पुढें केला, तो तसाच निवला.

त्या चहाकडे पाहतां पाहतां आम्हांस १९७३ साल आठवलें. त्या वर्षीं आम्ही मॅट्रिक झालों; गुण चांगले होते. वडील कचेरींत कारकून, घरांत खाणारीं तोंडें अकरा. एकास पुण्यास ठेवून शिकवितां येईल, दोघांस नाहीं, हा हिशेब चूक नव्हता. आजोबांनीं सुपारी कातरतां कातरतां सांगितलें, "तूं शिक्षक हो. धाकट्यास पुढें शिकवूं." इतकेंच. धाकटाच कां, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि विचारण्याची रीत आमच्या घरांत नव्हती. आमचें संस्कृत बरें व त्याचें गणित बरें, एवढेंच कारण असेल. पण जेथें कारण सांगितलें जात नाहीं तेथें मनुष्य आपल्या मनानें कारणें रचतो, आणि तीं बहुधा कडूच असतात. धाकटे बंधू इंजिनियर झाले. त्यांचाच हा मुलगा. त्यांनीं आपलें पदवीपत्र कधीं भिंतीवर लावलें नाहीं, आणि आम्हींही तें कधीं पाहावयास मागितलें नाहीं.

विद्यापीठाच्या समितीनें एक गोष्ट आमच्या आजोबांहून बरी केली होती. पत्रासोबत दोन पानें भरून कारणें लिहिलेलीं होतीं. रसायनशास्त्राचें काम उत्तम आहे, परंतु केंद्र म्हटलें म्हणजे दोनतीन संशोधनगट लागतात, आणि यांचा दुसरा गट पहिल्याशीं एका सूत्रांत ओंवलेला नाहीं, असा मुख्य आक्षेप होता. पुतण्यानें तीं पानें प्रथम बाजूस सारलीं, रात्रीं पुन्हां वाचलीं, आणि सकाळीं म्हणाला, "मुद्दा खरा आहे." तिसऱ्या दिवशीं स्नेही स्वतः घरीं आला. आपल्या अर्जांतला दुसरा गट तूं सांभाळशील काय, असें त्यानें विचारलें. पुतण्यानें 'पाहतों' एवढेंच म्हणून त्यास वाटेस लाविलें.

त्या रात्रीं त्यानें आम्हांस विचारलें, "काका, तुम्ही काय केलें असतें?"

आम्हीं जवळजवळ चाळीस वर्षें मुलांस उपदेश केला. त्या रात्रीं उपदेश सुचला नाहीं. जें घडलें तेंच सांगितलें. "तुझे बाबा चार वर्षें पुण्यास वसतिगृहांत होते. दर महिन्यास त्यांचें पत्र येई, 'दादा, एखाद्या रविवारीं ये.' मी लिहीत असें, शाळेंतून रजा मिळत नाहीं. रविवारीं शाळा नसते, हें त्यांनाही ठाऊक होतें."

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो नातीस घेऊन स्नेह्याकडे गेला, आणि जेवणाची वेळ टळली तरी दोघें परतलीं नाहींत.

तो अर्ज पुढें पहिल्या फेरींतच परत आला. निवडलेल्या नऊ केंद्रांत त्यांचें नांव नव्हतें. पण दोघे अद्याप एकत्र काम करीत आहेत. आपण होऊन सांधणाऱ्या प्लॅस्टिकावर तो एकेरी अणूंचा थर बसेल काय, हें पाहत आहेत.

वाचकहो, जागा एकच असतां एकाचीच निवड होणें यांत अन्याय नाहीं. तो भार कोणीतरी उचललाच पाहिजे. पण ज्यास मागें ठेवावयाचें त्यास कारण सांगावें, एवढें ऋण निवडणाऱ्यावर राहतें. आणि ज्याची निवड झाली तो आपण होऊन दाराशीं आला, तर दार उघडण्याचें काम मागें राहिलेल्याचें आहे. आम्हीं तें वेळेवर केलें नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर एका रविवारीं आम्ही पुण्यास बंधूंकडे गेलों, आणि जेवणें झाल्यावर त्यांचें पदवीपत्र पाहावयास मागितलें. तें ट्रंकेच्या तळाशीं, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेलें होतें. आम्हीं चष्मा पुसला आणि तें अथपासून इतीपर्यंत वाचलें.