इरकलीचं घर

चेन्नईजवळ मुट्टुकाडूला आज 'दक्षिणचित्र' पाहिलं. १९९६ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय. दक्षिणेतली जुनी घरं मूळ गावी उतरवून, खांब-दारांसकट इथे पुन्हा उभारली आहेत. आत जायचं, ओसरीवर खुशाल टेकायचं.

लेक कुंभाराच्या चाकापाशी रमली. माती सारखी एका बाजूला कलत होती. कुंभारांनी तिच्या हातांवर हात ठेवले आणि पणती उभी राहिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी काही अडलं नाही.

आई मात्र कर्नाटक विभागात, इलकलच्या विणकराच्या घरात थबकली. आयुष्यभर इरकल नेसलेली बाई! नातीला जवळ घेऊन सांगू लागली, "अगं, पदराचा ताणा वेगळा असतो, लाल रेशमाचा. अंगाच्या ताण्याला तो फासे घालून जोडतात." आई हे इतकं जाणते, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडचे वाडे पडताहेत, तेही असे कुणी उचलून जपावेत असं फार वाटलं. केरळची घरं घाईत झाली. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करायची.