पाणी कोण बदलतं?

ज्याच्या आयुष्यात समितीवर काम करण्याचा योग कधीच आला नाही, असा मराठी मध्यमवर्गीय माणूस मला अजून भेटायचा आहे. शाळेत तो हस्तलिखिताच्या संपादक मंडळात असतो, कॉलेजात गेला की वाङ्मय मंडळात शिरतो, पुढे सोसायटीच्या कार्यकारिणीवर येतो आणि निवृत्त झाला की ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस म्हणून बिनविरोध निवडून येतो. समितीवर आपण करतो काय? सतरंज्या मोजतो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो, आभाराच्या भाषणात कुणाचे नाव राहिले नाही ना याची धास्ती बाळगतो, आणि हिशेबाचे कागद कुणी पुढे केलेच तर 'ठेवा, सावकाश बघतो' म्हणतो. या शेवटच्या सवयीची मला पुष्कळ वर्षे लाज वाटली नव्हती. ती कोचीला वाटली.

2017 च्या जानेवारीत आम्ही तिघे कोचीला गेलो होतो. सौभाग्यवतींना फोर्ट कोचीची चिनी जाळी पाहायची होती, मला मट्टनचेरीचे ज्यूंचे सिनेगॉग पाहायचे होते, आणि नऊ वर्षांच्या आमच्या कन्येला आगगाडीत वरच्या बर्थवर झोपायचे होते. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला माझा एक मित्र निघताना बजावून म्हणाला होता, "अरे, तिकडे बिएनाले चालू आहे. ती न बघता परत आलास, तर मला तोंड दाखवू नकोस!"

बिएनाले हा मूळ इटालियन शब्द. दर दोन वर्षांनी भरणारी ती बिएनाले. व्हेनिस शहराने 1895 साली असे प्रदर्शन पहिल्यांदा भरवले आणि मग जगभर त्याची बीजे पडली. आपल्याकडची कोची-मुझिरिस बिएनाले 12 डिसेंबर 2012 रोजी सुरू झाली. बारा, बारा, बारा! मुझिरिस हे प्राचीन बंदराचे नाव. रोमची जहाजे मिऱ्यांसाठी इथे येत. 1341 च्या पेरियार नदीच्या महापुराने त्या बंदराचा मार्ग बुजला आणि कोचीचे तोंड उघडले, असे परंपरा सांगते. गेलेल्या बंदराचे नाव नव्या उत्सवाला देण्याची कल्पना मला तरी फार आवडली.

प्रदर्शनाचे मुख्य ठिकाण ॲस्पिनवॉल हाउस. एका इंग्रज व्यापाऱ्याची एकोणिसाव्या शतकातली पेढी. समुद्राला अगदी लागून असलेली तिची लांबच लांब गोदामे. एके काळी तिथे मिरी, सुंठ, काथ्या यांचे ढीग असत. आता त्यांतल्या एका गोदामात शिरायचे तर चपला काढून हातात घ्या, असे दारावरच्या मुलीने आम्हाला सांगितले. आत पाहतो तो सबंध गोदामभर समुद्राचे पाणी! माझ्या पोटरीपर्यंत, कन्येच्या गुडघ्यापर्यंत. चिलीचे कवी राऊल झुरिता यांची ही कृती. दोन्ही भिंतींवर मोठमोठे कापडी फलक, त्यांवर एकेक प्रश्न. ते वाचत वाचत पाण्यातून सावकाश पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जायचे. तिथे गालिप कुर्दी या पाच वर्षांच्या मुलाविषयी लिहिले होते. 2015 च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या चिमुकल्या आलानचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. गालिप त्याचा थोरला भाऊ. तोही त्याच रात्री बुडाला. त्याचे छायाचित्र जगासमोर आले नाही. ज्याच्यासाठी जग रडले नाही, त्याच्यासाठी एका म्हाताऱ्या कवीने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून येऊन हा समुद्र गोदामात आणला होता.

सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. माझाही कंठ दाटून आला होता. तेवढ्यात कन्येने माझा सदरा ओढला आणि विचारले,

"बाबा, हे पाणी बदलतं कोण?"

"म्हणजे?"

"इतकी माणसं पाय घालतात यात. रोज कुणीतरी बदलत असेल ना? ते कुठंय?"

मला उत्तर देता आले नाही. "असतील कुणीतरी माणसं," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण बाहेर येऊन पाय पुसताना मला एकाएकी आमच्या कॉलेजच्या मंडपवाल्या मामांची आठवण झाली, आणि समुद्राचा सुरेख वारा असूनही कानशिले गरम झाली.

मामांची हकिगत अशी. महिन्याभरापूर्वीच, डिसेंबरात, आम्ही कॉलेजात दोन दिवसांचे साहित्यसंमेलन भरवले होते. मी कार्याध्यक्ष. संमेलन रंगले, वर्तमानपत्रांत फोटो आले. मंडप घातला होता मामांनी. त्यांचे बिल होते 18,400 रुपयांचे. संमेलनानंतर मामा तीनदा प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. "सर, तेवढं जरा बघा ना." आणि मी तीनदा म्हणालो होतो, "हो मामा, ऑफिसात आहे, होईल."

त्या संध्याकाळी समुद्रावर बसून मी हा उत्सव चालवते कोण याची मित्राकडे फोनवरून चौकशी केली. पुढे सवडीने बरेच वाचलेही. गोष्ट मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. 2010 साली केरळचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री एम. ए. बेबी यांनी आपल्या राज्यात कलेसाठी काही भव्य करावे म्हणून दोन चित्रकारांना विचारले. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू. दोघेही मूळचे मल्याळी, दोघेही जे.जे.त शिकलेले आणि मुंबईत नाव मिळवलेले. त्यांनी बिएनालेची कल्पना मांडली, कोची बिएनाले फाउंडेशन हा न्यास उभा राहिला, सरकारने 5 कोटी मंजूर केले. 2011 मध्ये सरकार बदलले. पैशांच्या वापराबद्दल तक्रारी झाल्या, चौकशी लागली, पुढचे पैसे अडले. तरीही ठरल्या दिवशी उत्सव उघडला. दुसऱ्या खेपेला हात आखडले तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा केली. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागतात, तिकडे चित्रकारांनी चित्रांसाठी मागितली!

या संस्थेचा एक रिवाज मला फार मोलाचा वाटतो. दर खेपेला प्रदर्शनाची सूत्रे एका कलावंताच्या हाती द्यायची. 2014 मध्ये जितीश कल्लाट, 2016 मध्ये सुदर्शन शेट्टी; हे दोघेही मुंबईचे. 2018 मध्ये अनिता दुबे, या मानाच्या जागी बसलेल्या पहिल्या स्त्री. कलावंतांचा उत्सव कलावंतांनीच चालवायचा.

यात नवल ते काय, असे कुणी म्हणेल. नवल आहे. दिल्लीच्या ललित कला अकादमीने 1968 साली, मुल्कराज आनंदांच्या पुढाकाराने, दर तीन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू केले होते. सरकारी पैसा, सरकारी इमारत, सरकारी शिक्के, सगळे होते. पण 1971 च्या दुसऱ्याच प्रदर्शनाच्या वेळी अनेक चित्रकार अकादमीच्या कारभारावर रुसून बाहेर राहिले, आणि 2005 नंतर तो उत्सव भरलाच नाही. व्हेनिसची कथाही बोधप्रद आहे. तिथला उत्सव शहराने सुरू केला. तेव्हाचा नगराध्यक्ष रिकार्दो सेल्वातिको हा चक्क नाटककार होता. 1930 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने तो शहराच्या हातून काढून घेतला. आज तिथे न्यास आहे, पण त्याचा अध्यक्ष नेमतो इटलीचा सांस्कृतिक मंत्री. चित्र भिंतीवर टांगले जाण्याच्या आधी ती भिंत कुणाच्या ताब्यात आहे हे ठरलेले असते, हे आपण प्रेक्षक सहसा विसरतो.

तेव्हा कलावंतांनीच कारभार करावा, हा कोचीचा धडा मी गाठी बांधून आणला. पण कन्येचा प्रश्न काही पाठ सोडीना. मुंबईस परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन मामांच्या बिलाची चौकशी केली. कारकून शांतपणे म्हणाले, "सर, ते तुमच्याकडेच आहे. सहीसाठी पाठवलं होतं."

मी कपाट उघडले. निबंधस्पर्धेच्या गठ्ठ्याखाली ते बिल जसेच्या तसे पडले होते. गठ्ठ्यातल्या निबंधांचा विषय होता 'श्रमाची प्रतिष्ठा'. हे मी रचून सांगत नाही.

चेक तयार झाल्यावर तो घेऊन मी स्वतः मामांच्या गोदामावर गेलो. मनात क्षमेची वाक्ये जुळवली होती. मामांनी चेक खिशात ठेवला, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, त्या दिवशीच्या कविता फार चांगल्या झाल्या बरं का. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो."

"मामा, तुमचे पैसे थांबले..."

"चालायचंच. पोरांची मजुरी मी तेव्हाच देऊन टाकली. व्याजानं काढले थोडे. त्यांना थांबवून कसं चालेल?"

चहा मला गिळवेना. आमच्या संमेलनाचा खरा आश्रयदाता निमंत्रणपत्रिकेत छापलेला कुणीच नव्हता. तो हा माणूस होता, आणि त्याच्या आश्रयावर व्याज चढत होते.

पुढे कोचीच्या बातम्या आल्या की मी त्या याच डोळ्यांनी वाचू लागलो. 2019 मध्ये चौथ्या बिएनालेच्या अखेरीस उभारणीचे काम केलेल्या ठेकेदाराने बाकीसाठी कायदेशीर नोटीस दिली. संस्थेने बिलाच्या आकड्यालाच हरकत घेतली. खरे-खोटे करणारा मी कोण? पण गोदामात पाणी भरणाऱ्या अनोळखी माणसांचे चेहरे मात्र डोळ्यांसमोर आले. मग कोविडमुळे पाचवी बिएनाले दोन वर्षे लांबली. 12 डिसेंबर 2022 ही तारीख ठरली, सरकारने 7 कोटी दिले, देशोदेशीचे पाहुणे येऊन उतरले. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जाहीर झाले की मुख्य दालने 23 तारखेला उघडतील! संस्थेने अवकाळी पाऊस, अडकलेले सामान आणि ॲस्पिनवॉलचा उशिरा मिळालेला ताबा ही कारणे दिली. पण 50हून अधिक कलावंतांनी उघडे पत्र लिहिले. सामान वेळेवर आले नाही, दालनांत पाणी गळते, विजेचा भरवसा नाही, कारभारात पारदर्शकता नाही, असे त्यात होते. बिएनाले बंद करा, असे मात्र त्यांनी म्हटले नव्हते. घर आपले आहे म्हणूनच ते गळते हे सांगण्याचा त्यांचा हक्क होता.

ते पत्र वाचताना माझ्या मनात राग नव्हता; ओळख पटल्यासारखे झाले. दहा मित्र जमतात तेव्हा काम विश्वासावर चालते. कुणी पावती मागत नाही, मागितली तर अपमान वाटतो. पण तेच काम लाखो लोकांचे झाले की नुसता विश्वास पुरत नाही. 'आम्ही कलेसाठी झिजतो' हे वाक्य खरे असते आणि त्याच वाक्याआड कुणाचे तरी बिल दबलेले असते. अशा वेळी सोपा उपाय सुचतो: कलावंतांना हटवा, अधिकारी आणा, सगळे शिस्तीत होईल. पण मग दिल्लीचे प्रदर्शन आठवते. तिथे फायलींना तोटा नव्हता. नुसत्या हिशेबनिसांच्या हाती कारभार असता, तर गोदामात समुद्र भरायला परवानगीच मिळाली नसती. उत्सव जन्माला घालायला वेडेच लागतात. फक्त त्या वेड्यांनी रोजची वही लिहायला शिकले पाहिजे. वही म्हणजे कलेवरचा अविश्वास नव्हे. खांबाला टेकून ऐकणाऱ्याचीही ती आठवण असते.

सहावी बिएनाले तीन वर्षांनी, 12 डिसेंबर 2025 रोजी सुरू झाली आणि 31 मार्च 2026 पर्यंत चालली. सूत्रे होती निखिल चोप्रा आणि गोव्यातली त्यांची कलावंत मंडळी एचएच आर्ट स्पेसेस यांच्याकडे. इतके होऊनही संस्थेने कलावंताच्या हाती किल्ल्या द्यायचे सोडले नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी लोक चोपडीची पूजा करतात. आम्ही मास्तर मंडळी सरस्वतीचे उपासक. त्या लाल चोपडीकडे पाहून लहानपणापासून गालातल्या गालात हसत आलो. यंदा मला हसू येणार नाही. कन्या आता अठरा वर्षांची झाली आहे आणि तिच्या कॉलेजच्या उत्सव समितीवर निवडून आली आहे. रक्ताचाच दोष, दुसरे काय! परवा घरी आली ती तोंड पाडून.

"काय काम दिलंय तुझ्याकडे?" मी विचारले.

"हिशेब," ती म्हणाली. "बाकीच्यांना स्टेज, संगीत, पाहुणे. मला हिशेब!"

मी काही बोललो नाही. संध्याकाळी नाक्यावर जाऊन लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी आणली आहे. पाडव्याला ओवाळणीबरोबर सौभाग्यवतींना साडी, आणि कन्येला ही चोपडी. पहिल्या पानावर 'श्री' तिनेच काढायचे आहे. त्याखाली मंडपवाल्याचे नाव आधी लिही, एवढेच मी तिला सांगणार आहे.