वळणाला दम सोडणारी गाडी

आमच्या गाडीच्या आजाराला तीन नावं होती. इंग्रजीत 'फ्युएल स्टार्व्हेशन', म्हणजे सरळ सांगायचं तर इंधनाची उपासमार. मिस्त्रीमामांच्या भाषेत 'वळणाला दम सोडती'. आणि पप्पांच्या मते, 'काय न्हाई, पेट्रोलात भेसळ असंल.' साहित्य शिकणाऱ्या मुलीला शब्दांचा असा घोळ नवा नाही. पण यातला कुठला शब्द खरा, यावर आमच्या कडोलीच्या घरातली शांतता अवलंबून होती.

गाडी २००२ सालची फियाट पालिओ, १.६ लिटरची. पप्पांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी चौथीत होते. अशा गाड्यांना 'हॉट हॅच' म्हणतात: घरगुती छोटी गाडी, मागे वर उघडणारं दार, आणि बॉनेटखाली अंगापेक्षा मोठं इंजिन. १९७६ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय विकायला आली आणि ही जात जगभर गाजली. आपल्याकडे पालिओ आली २००१ मध्ये. १.६ ला सोळा व्हॉल्व्ह आणि सुमारे १०० हॉर्सपॉवर, त्या काळच्या छोट्या गाड्यांच्या मानाने फारच. इटालियन नावाची ही गाडी बनायची मात्र मुंबईत, कुर्ल्याला. 'हॉट हॅच'ला मराठीत काय म्हणायचं, असं मी पप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, 'खोडकर.' मला हे भाषांतर अजून पटतं.

पप्पांनी तीस वर्षं उद्यमबागेत टर्नर म्हणून काम केलं. बेळगावला लोखंडाचं वेड जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते इथेच, १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाण्याआधी. पप्पांना इंजिनाचं दुखणं कानाने कळायचं. कुणाची गाडी गल्लीत शिरली की ते चहा पिता पिता सांगायचे, 'बेल्ट ढिला हाय.' बहुतेक वेळा बेल्टच ढिला असायचा.

गेल्या नाताळात आम्ही गोव्याला आजीकडे गेलो. परत येताना चोर्ला घाट चढत होतो, टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल. मम्मी म्हणाली, 'अहो, गाडी खोकायली.' पप्पा म्हणाले, 'काय न्हाई.' पुढच्याच डाव्या वळणावर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद, आणि मागे भरलेला ट्रक. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी हे लिहू शकते. दोन मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली, पण मम्मी पुढच्या सरळ रस्त्यापर्यंत पायी चालत आली. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, 'विकून टाका.'

मला वाटलं, तिला गाडीची भीती बसली. खरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. गाडीचा खोकला मम्मीला ऐकू आला होता, मलाही आला होता. पप्पांना आला नव्हता. तीस वर्षं मशीनच्या आवाजात उभं राहिलेल्या माणसाच्या कानातून आधी बारीक, उंच आवाज निघून जातात. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणी नव्हतं. त्यामुळे 'गाडी विका' म्हणजे 'तुम्ही आता चालवू नका' असं होतं, आणि 'पेट्रोलात भेसळ' म्हणजे 'मला अजून ऐकू येतं'.

कानावर वाद घालण्यापेक्षा आकडा बघावा, असं मी सुचवलं. मिस्त्रीमामांनी इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज जोडला. पेट्रोल गाडीच्या आत नको म्हणून तो काचेबाहेर वायपरपाशी बांधला. मग गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर पप्पा गाडी गोल फिरवत राहिले आणि मी शेजारी बसून मोबाइलवर गेजचं शूटिंग करत राहिले. टाकी भरलेली असताना काटा साडेतीन बारवर स्थिर. टाकी पावाच्या खाली असताना सरळ रस्त्यावर, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबूनही स्थिर. पण तेवढ्याच पेट्रोलात डावीकडे लांब वळण घेतलं की काटा एकदम खाली, आणि मागून इंजिनाचा आचका.

एवढ्यावरून बरंच कळतं. फिल्टर तुंबला असता तर सरळ रस्त्यावर जोर मागताना काटा पडला असता. वायर सैल असती तर टाकी भरलेली की रिकामी, याने फरक पडला नसता. भेसळ असती तर गाडीने डावं-उजवं बघितलं नसतं. उरलं एकच: वळणावर पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर पळत होतं आणि पंप हवा ओढत होता.

मी वहीत हिशोब केला. वळणाची त्रिज्या १२ मीटर आणि वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६ पट होतो. म्हणजे टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ ३० अंशांनी कलतो. पसरट टाकीत तळाला थोडंच पेट्रोल असेल तर ते सगळं एका कोपऱ्यात जातं. पप्पांनी वही बराच वेळ बघितली आणि म्हणाले, 'म्हंजे ताटात वाढलेली आमटी.'

अगदी तेच! ताट कलंडलं की आमटी कडेला धावते. म्हणून तर आपण ती वाटीत वाढतो. टाकीतही पंपाभोवती अशी एक वाटी असते, तिला स्वर्ल पॉट म्हणतात. पंप वाटीत उभा, आणि वाटी सतत भरत राहील अशी सोय. टाकीत पेट्रोल कुठेही पळो, वाटीतलं काही सेकंद पुरतं, तोवर वळण संपतं.

बॅटरी काढून, गाडी अंगणात उघड्यावर ठेवून मिस्त्रीमामांनी मागच्या सीटखालचं झाकण उघडलं. पंप होता, वाटी नव्हती. आमच्या आधीच्या मालकाच्या काळात कुठल्या तरी गॅरेजने पंप बदलताना दुसऱ्याच गाडीचा पंप कसाबसा बसवला होता आणि वाटी काढून टाकली होती. टाकी नेहमी अर्ध्यावर ठेवायची पप्पांची सवय, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

मिस्त्रीमामांचा पहिला सल्ला होता, रॅलीच्या गाड्यांसारखी डिकीत वेगळी छोटी टाकी बसवू. एक पंप तिला भरतो, दुसरा तिच्यातून इंजिनला देतो. उपाय पक्का आहे. पप्पा नको म्हणाले. 'जेवढे जॉइंट जास्त, तेवढ्या गळायच्या जागा. पाठीमागं माणसं बसत्यात.' शेवटी वाटीसकट जुना पंप मिळाला तो मुंबईत, कुर्ल्याच्याच जुन्या पार्टच्या बाजारात. गाडी जिथे जन्मली तिथूनच तिचा अवयव आला. सील मात्र नवीन घेतलं.

ट्यूनिंगला हात त्यानंतर लावला. मला घाई होती, पण पप्पांचा नियम साधा: 'आधी जेवण, मग तालीम.' इंधन नीट पोचत नसताना इंजिन ट्यून करणं म्हणजे उपाशी माणसाची ताकद मोजणं. शिवाय जोर मागताना पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की सिलिंडरमध्ये उष्णता वाढते, इंजिन ठोके देतं आणि शेवटी पिस्टन जळू शकतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, जवळजवळ सारखं निघालं. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, टायमिंग बेल्ट नवा घातला. जास्तीची ताकद काढायचा प्रयत्नच केला नाही. जी मूळची होती तीच परत आली, आणि ती भरपूर आहे.

मग पुन्हा माळ, पुन्हा गेज, टाकी पावाच्या खाली. डावीकडे दहा फेऱ्या, उजवीकडे दहा. काटा जागचा हलला नाही. पप्पा आकडा बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. 'आवाज कसा येतोय गं?' त्यांनी विचारलं. इंजिनाच्या आवाजाबद्दल त्यांनी कुणाला विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. 'गुळगुळीत,' मी म्हटलं.

गाडी विकायचा विषय मम्मीने सोडला, पण फुकट सोडला नाही. शूटिंग तिने दोनदा बघितलं आणि म्हणाली, 'गाडीला कान झाला. आता तुमचा करा.' पप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कालनिर्णयवर गुरुवारच्या चौकटीत त्यांच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'कान – १० वाजता. टाकी भरणे.'